नागपूरच्या उन्हात अंगावर काटा: गाणं ऐकताना शरीराला होतं तरी काय?

धरमपेठी_मैना
मंडळी, इथे डॉक्टर पण आहेत आणि गाणारे-वाजवणारे पण, म्हणून हा धागा काढतेय. मागच्या मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली होती, कूलर बंद, बाहेर पारा ४५ च्या आसपास. मी चटईवर पडून मोबाइलवर मारवा राग लावला होता. गाणारी बाई बराच वेळ षड्ज, म्हणजे सा, टाळून कोमल ऋषभ आणि धैवताभोवतीच फिरत होती, आणि मग एकदाची अशी काही सा वर आली की माझ्या दोन्ही हातांवर सर्रकन काटा. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि हातावर डिसेंबरात येतो तसा काटा! डोळ्यात पाणी आलं ते वेगळंच. बाजूला आमचे अहो पेपरनं वारा घेत होते, त्यांना कायबी नाही. वरून विचारतात, "काऊन रडून राहिली ही?"

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. थंडी नसताना, भीती नसताना शरीर असं का वागतं? आणि तेच गाणं, तीच खोली, तर मला होतं आणि यांना का नाही होत? माझं मन हळवं आणि यांचं दगड असं उत्तर देऊ नका, ते मी त्यांना आधीच देऊन बसलेय :)

महालचा_पोट्टा
ताई, नागपुरात मे मधे अंगावर काटा एकाच गोष्टीनं येते. एसीचं बिल.

संत्रागोळी
+१ हाहाहा
पण प्रश्न भारी आहे. वाचून राहिलो.

डॉ_गोगलगाय
मी भूल देणारा माणूस, गाण्यातलं काही कळत नाही, पण काट्याचं सांगू शकतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारकासा स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो आणि भोवतालची कातडी जराशी वर येते. हा स्नायू आपल्या हुकमात नाही, ठरवून काटा आणणारे लोक फार थोडे. त्याला चालवते ती सिंपथेटिक नर्व्हस सिस्टिम, म्हणजे रात्री वस्तीतला कुत्रा अंगावर आला की जी छाती धडधडवते, तळहात ओले करते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करते तीच. मांजर फुगून दुप्पट होतं ते याच स्नायूंच्या जोरावर. त्याला त्याचा उपयोग आहे, ऊब पण राहते आणि समोरचा घाबरतो पण. आपल्या अंगावर फुगवण्याइतके केसच उरले नाहीत, स्नायू मात्र आहेत तिथेच आहेत.

थंडी हे ती सिस्टिम जागी होण्याचं फक्त एक कारण. म्हणून ४५ डिग्रीत पण काटा येऊ शकतो, आणि घाम आणि काटा एकाच वेळी यात काही चमत्कार नाही, घामाच्या ग्रंथी पण तिच्याच ताब्यात. गंमत डोळ्यातल्या पाण्याची आहे, ते उलट्या बाजूचं, पॅरासिंपथेटिकचं काम. म्हणजे मैनाताईंच्या शरीरात त्या दुपारी दोन्ही बाजू एकदमच कामाला लागल्या होत्या.

महालचा_पोट्टा
डॉक्टर साहेब, तुम्ही एवढं लिहिलं पण गाणं ऐकून ती सिस्टिम काऊन जागी होते हे तं सांगितलंच नाही. गाणं काही कुत्रा नाही ना बे अंगावर यायला. (काही काही गाणी असतात म्हणा.)

तिहाई
त्याचं उत्तर समेत आहे.

हसू नका, खरंच सांगतोय. मी तबला शिकवतो. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण-एक मिनिट चालतं. गवई मधे कुठे कुठे फिरून येतो आणि शेवटच्या मात्रा जवळ आल्या की श्रोत्यांकडे बघा, मान थांबते, हात हवेत थांबतात, पुढच्या रांगेतल्या आजोबांचा श्वास अडकलेला असतो, आणि मुखडा घेऊन तो समेवर आला की सगळा हॉल एकदम "आहा" करून मोकळा होतो. सम सगळ्यांना माहीत असते, ती कधी येणार हे पण माहीत असतं. तरी शरीर तिची वाट बघतं. चांगला गवई ती वाट आणखी थोडी लांबवतो, चुकतो की काय असं वाटायला लावतो आणि मग येतो. मैनाताईंच्या मारव्यात तेच झालं. सा म्हणजे घरच, पण मारव्यात तुम्हाला घराबाहेरच ठेवतात. इतका वेळ ठेवतात की आत घेतलं की काटाच यायचा.

चष्मिष
तिहाई, तुमच्या म्हणण्याला आधार आहे. कॅनडात मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि मंडळींनी २०११ मधे याच्यावर काम केलं. ज्यांना गाणं ऐकून हमखास शहारे येतात असे लोक निवडले, त्यांच्याच आवडीचं संगीत लावलं आणि मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन कुठे आणि कधी सुटतं ते स्कॅनवर बघितलं. तर शहारा येण्याच्या क्षणी मेंदूच्या एका भागात सुटलं, आणि त्याच्या आधी, म्हणजे "आता ती जागा येणार" या वाट बघण्यात, दुसऱ्या भागात. वाट बघणं आणि मिळणं ही मेंदूसाठी दोन वेगळी सुखं निघाली. खायला मिळण्याआधी आणि मिळाल्यावर हीच यंत्रणा चालते.

कोथरूडकर
आमच्याकडे पुण्यात डिसेंबरात संगीत महोत्सवाला सगळ्यांच्याच अंगावर काटा असतो, पण त्याचं कारण बहुधा उघड्या मैदानातली थंडी असावी.

महालचा_पोट्टा
आणि अर्ध्या लोकांच्या अंगावर स्वेटर असते म्हणून तो दिसत नाही. नागपूरले या भाऊ, इथं काटा अस्सल असते.

नीट_वाचा
चष्मिष, त्या प्रयोगात स्कॅनसाठी फक्त आठ लोक होते हे पण लिहा. काम चांगलं आहे, पण लोक "विज्ञानानं सिद्ध झालं" म्हणून फॉरवर्ड करत सुटतात म्हणून सांगितलं.

चष्मिष
बरोबर, आठच. असे स्कॅन महाग असतात. पण हे अगदी एकटं काम नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९८० मधे ॲव्हरम गोल्डस्टाइन नावाच्या संशोधकानं लोकांना नालोक्सोन देऊन बघितलं. अफूच्या जातीच्या औषधांचा असर उतरवायला जे इंजेक्शन देतात ते. दहापैकी तिघांचे शहारे कमी झाले, म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या अफूसारख्या रसायनांचा पण यात हात असावा.

डॉ_गोगलगाय
नालोक्सोन आमच्या ट्रॉलीत कायम असतं. गाणं उतरवायला पण लागतं हे माहीत नव्हतं :D

सा_रे_गप
आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीपासून माहीत होतं. प्रत्येक रागाचा एकेका अवयवावर परिणाम होतो. अमुक राग ऐकला की बीपी नॉर्मल, तमुक ऐकला की शुगर उतरते. शिवाय संगीत ४३२ हर्ट्झवर (सेकंदाला तेवढी कंपनं) लावलेलं असलं तरच शरीराच्या पेशी जुळतात, आजकाल सगळं ४४० वर असल्यामुळे लोक चिडचिडे झालेत. माझ्याकडे चार्ट आहे, कोणाला हवा असेल तर टाकतो.

नीट_वाचा
टाकू नका.

४४० हा आकडा पाश्चात्त्य वाद्यं एकमेकांशी जुळावी म्हणून ठरवलेला, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं १९५५ साली शिफारस म्हणून घेतला. आपल्या गाण्यात ठरलेला सा असतो का कधी? कोणी पेटीच्या काळी एकमधे गातो, कोणी काळी दोनमधे, बायका पांढरी चार नाहीतर काळी चार-पाचमधे, आणि गळा बसला असेल तर त्या दिवशी अर्धी पट्टी उतरवून गातात. तानपुरा गळ्याप्रमाणे लावायचा असतो. मग पेशी कोणाच्या पट्टीला जुळणार? आणि शुगरच्या गोळ्या बंद करून कोणी राग ऐकत बसू नका, प्लीज. आमच्या ओळखीत एकानं केलंय, पायाच्या बोटावर निभावलं.

सा_रे_गप
तुमचा पाश्चात्त्यांवर विश्वास आहे, आमचा आपल्या परंपरेवर. असो.

खंजिरीवाले_काका
परंपरेचंच काढलं तं मी बोलतो. भांडू नका बापूहो.

आमचं भजनी मंडळ आहे, वर्धेकडचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं म्हणतो, गुरुकुंज मोझरीले दरवर्षी जातो. म्या शाळा फार शिकलो नाही, पण कीर्तनात आयकलेलं सांगतो. आपल्या शास्त्रात अष्टसात्त्विक भाव सांगितले हायेत. स्तंभ म्हणजे जागीच थिजणं. स्वेद घाम. रोमांच तं तुमचा काटाच. स्वरभंग म्हणजे गळा दाटून येणं. कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू, आन् प्रलय म्हणजे भान हरपणं. भजनात हे सगळे पाह्यले म्या. रात्री दोन-अडीचले भजन रंगलं की म्हातारा माणूस, ज्याले दिवसा गुडघा वाकवता येत नाही, थो उभा राहून नाचते. आन् मी खंजिरी वाजवतो तं बोटाची कातडी निघते, रक्त लागते चामड्याले, पण तवा दुखत नाही. घरी येऊन हात धुतला की मंग ठणकते. याच्यावर डॉक्टर काय म्हणतात?

डॉ_गोगलगाय
काका, नमस्कार. तुमची यादी मी दोनदा वाचली. भरताच्या नाट्यशास्त्रात आहे हे नंतर शोधून बघितलं. एक गोष्ट लक्षात आली. या आठांपैकी बहुतेक गोष्टी नटाला ठरवून करता येत नाहीत, त्या आपोआप व्हाव्या लागतात. आमच्या पुस्तकात ऑटोनॉमिक रिस्पॉन्स म्हणून जे शिकवतात त्याच्याशी ही यादी बरीच जुळते. घाम, काटा, अश्रू तर वर झालेच. रंग उडणं म्हणजे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळणं. इटलीतल्या पाव्हियाचे लुचिआनो बर्नार्डी यांनी २००९ मधे हेच यंत्रानं मोजलं, वाद्यवृंदाचा आवाज हळूहळू चढत गेला की ऐकणाऱ्यांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळत जात होत्या आणि बीपी चढत होतं. प्रलय म्हणजे चक्कर येऊन पडणं असेल तर त्याला पण आमच्याकडे नाव आहे, पण काका म्हणतात ते भान हरपणं वेगळं असावं, तिथे मी बोलत नाही.

बोटाचं विचारलंत. वेदना कमी जाणवणं हे खरं आहे. ऑपरेशननंतर संगीत ऐकवलेल्या पेशंटचं दुखणं आणि घाबरणं कमी असतं, असं सत्तरहून जास्त चाचण्या एकत्र करून २०१५ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आमच्या ऑपरेशन थिएटरमधे मी हे रोज बघतो. स्पायनल दिलेला पेशंट जागा असतो, कमरेखाली बधिर, बाकी सगळं ऐकत असतो, आणि सुऱ्या-चिमट्यांचा आवाज ऐकून त्याचा पल्स मॉनिटरवर १२० ला जातो. त्याला विचारून त्याच्या आवडीचं लावलं की दहा मिनिटांत ९० च्या खाली येतो. सर्जनच्या आवडीचं लावलं तर येत नाही. एका बाईंनी भजन मागितलं होतं, खंजिरीवालंच. सर्जन ताल धरायला लागले म्हणून बंद करावं लागलं.

पथकातली_ताई
हाहाहा, तो सर्जन कोण ते सांगू नका फक्त.

तिहाई
डॉक्टर, तुमच्या स्वतःच्या अंगावर कशानं काटा येतो?

डॉ_गोगलगाय
खरं सांगू? पल्स ऑक्सिमीटरच्या सुरानं. ते यंत्र दर ठोक्याला बीप करतं, आणि रक्तातला ऑक्सिजन कमी व्हायला लागला की त्या बीपचा सूर खाली उतरतो. त्यामुळे मॉनिटरकडे पाठ असली तरी आम्हाला कळतं. बीप, बीप, आणि पुढची जराशी खालची. मी कोणाशी बोलत असलो, औषध भरत असलो, तरी माझी मान माझ्या आधी वळलेली असते आणि मानेवरचे केस उभे. नंतर सुरात परत येतो तेव्हा जे वाटतं त्याच्यापुढे तुमची सम काय, मारवा काय.

तिहाई
दंडवत. हे मी माझ्या पोरांना सांगणार आहे.

प्रज्ञा_इंदोरा
मला वाटतं तुम्ही सगळे सुरात आणि तालात अडकलात. माझ्यासाठी ते गाणं काय सांगतं आणि ते मी कोणाबरोबर ऐकलंय हे जास्त मोठं आहे. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती, पोटाशी माझा काका होता. लहानपणापासून विजयादशमीला आम्ही तिच्याबरोबर जायचो. मुक्कामाला आलेली माणसं रस्त्याच्या कडेला, हातात वह्या-पुस्तकांच्या पिशव्या, आणि प्रत्येक स्टॉलवर वेगळं भीमगीत लागलेलं. चार स्पीकर एकमेकांवर आदळतायत, सूर-ताल कशाचा कशाला मेळ नाही, रेकॉर्डिंग फाटकं. संगीत म्हणून तुम्ही त्याला नाक मुरडाल. पण कडव्याची पहिली ओळ कानावर पडली की माझा गळा असा दाटतो की मला कोणाशी बोलता येत नाही. आजी गेल्यापासून जास्तच. यात ना समेची वाट, ना कोमल ऋषभ.

आणि माझी ऑफिसातली मैत्रीण एकदा बरोबर आली होती, तिला नुसताच गोंगाट वाटला. तिचं काही चुकलं नाही.

धरमपेठी_मैना
प्रज्ञा, वाचताना गळा दाटला, इथे तर गाणं पण नव्हतं.

नीट_वाचा
प्रज्ञा यांचा मुद्दा महत्त्वाचा. दहा-बारा वर्षांपासून पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी आठवणींना सगळ्यात घट्ट चिकटलेली असतात, त्यामुळे तिथे शरीर गाण्याला उत्तर देतंय की आठवणीला हे वेगळं काढता येत नाही. पण उलट बाजू पण आहे. जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मधे लोकांना विचारलं की नेमकी कुठली जागा आली की तुम्हाला रडू येतं, कुठे काटा येतो. ते भाग स्वरलिपीत बघितल्यावर काही गोष्टी परत परत सापडल्या. रडू यायचं तिथे बहुतेक वेळा मूळ स्वराच्या शेजारच्या, जरा न पटणाऱ्या स्वरावर थांबून मग खाली उतरलेलं असायचं. काटा यायचा तिथे अचानक अनपेक्षित वळण असायचं. म्हणजे आठवण नसली तरी रचनेत पण काहीतरी असतंच.

तिहाई
शेजारच्या स्वरावर थांबून उतरायचं म्हणजे आमच्याकडे कण आणि मींड. ठुमरीवाल्यांचं घर त्याच्यावर चालतं.

महालचा_पोट्टा
हे सगळं क्लासिकलवाल्यांचं झालं. आमच्या गल्लीतल्या डीजेवर कोणी तरी बोला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत, म्हणजे वाईट हाकलायच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा महालात उभं राहून पाहा, काळी-पिवळी येईपर्यंत ठीक आहे, ढोल-बँड आहे, पब्लिक ओरडून राहिली घेऊन जा गे मारबत, मजा येते. पण मागून तो बॉक्सवाला ट्रक आला की छातीत असं धडधडते की वाटते आपलं हार्ट त्याच्याच तालावर चालून राहिलं. अंगात आल्यासारखं नाचतो आपण, आवडत नसलेल्या गाण्यावर पण. मंग हे पण इमोशनच म्हणायचं का?

डॉ_गोगलगाय
नाही, आणि हा फरक बराच कामाचा आहे. छातीत जे धडधडतं ते हृदय नाही, बरगड्यांचा पिंजरा आणि फुप्फुसातली हवा खालच्या सुराच्या आवाजानं थरथरते. हृदयाचे ठोके गाण्याच्या ठोक्यांना जाऊन चिकटतात असं लोक म्हणतात, तसं सहसा होत नाही. श्वास मात्र लयीच्या मागे जातो, आणि श्वासाबरोबर पल्स थोडा वरखाली होतो.

वर म्हटलेल्या बर्नार्डींचाच आधीचा, २००६ चा अभ्यास आहे. बारा वादक-गायक आणि बारा साधे लोक. सहा प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात आपल्या सतारीवरचा राग पण होता. लय जलद झाली की श्वास, पल्स, बीपी वाढत होतं, संथ झाली की कमी. आणि गाणं आवडतं की नाही याचा त्यावर फारसा फरक पडला नाही. म्हणजे पोट्ट्याचं शरीर नावडत्या गाण्यावर पण पळणार. काटा तसा नाही, त्याला आवड लागते, ओळख लागते.

त्यात सगळ्यात मजेचं असं की मधे दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत पल्स आणि बीपी गाणं सुरू होण्याच्या आधीपेक्षा पण खाली गेलं.

कोथरूडकर
म्हणजे डीजेचा सर्वात आरोग्यदायी भाग म्हणजे तो बंद होणं. हे आम्ही केव्हापासून म्हणतोय.

पथकातली_ताई
माझं ढोल-ताशा पथक आहे त्यामुळे आवाजावर मी काय बोलू, पण माझा अनुभव जरा वेगळा आहे. कमरेला ढोल बांधलेला असतो, त्याचं पान वाजतं ते पोटात लागतं. पहिली पाच-सात मिनिटं दंड भरून येतात, वाटतं सोडून द्यावं. मग ताशा चाल बदलतो आणि सगळे शंभर ढोल एकदम त्या चालीत शिरतात ना, तेव्हा डोळ्यातून पाणी येतं आणि ते पुसायला हात मोकळा नसतो. दंड दुखणं बंद. शेजारचीकडे बघितलं तर ती पण रडतेय आणि हसतेय. आम्ही काही फार भाविक-बिविक नाही. एकटीनं घरी उशीवर टिपरू मारून सराव करते तेव्हा असं कधीच होत नाही. हे सगळ्यांनी मिळून वाजवण्यातलं काहीतरी आहे.

खंजिरीवाले_काका
हेच, हेच मी म्हणून राहिलो होतो पोरी. एकट्याले थो भाव येत नाही.

सा_रे_गप
काका, एकट्यानं जप केला तरी येतो.

चष्मिष
सा_रे_गप, यात तुमच्या बाजूनं एक पुरावा देतो. त्याच बर्नार्डींनी २००१ मधे बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापलंय. ख्रिश्चन जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्धांचा मणिपद्मे मंत्र, दोन्ही म्हणायला लावले तर श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी आपण बारा ते वीस घेतो. आणि त्या वेगाला बीपी सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली चालत होती. ओळ एवढी लांब आहे की तेवढा श्वास सोडावाच लागतो, गंमत तेवढीच.

सा_रे_गप
धन्यवाद! बघा, शेवटी तेच.

नीट_वाचा
शेवटी तेच नाही. हर्ट्झचा तिथे संबंध नाही, श्वासाचा आहे. पण ठीक आहे, आज एवढ्यावर मिटवू.

संत्रागोळी
नीट_वाचा भाऊ मिटवून राहिले. स्क्रीनशॉट घ्या रे कोणी.

महालचा_पोट्टा
लोक हो, प्रयोग केला. घड्याळात पल्स दिसते ना, ते घालून बसलो. आलाप लावला, पल्स ७४. झोप येऊ लागली, ६८. मंग द्रुत आल्यावर ७९. मंग आमच्या गल्लीतल्या मंडळाचा डीजेचा व्हिडिओ लावला, ८८. मंग आई ओरडली "आवाज कमी कर बे भैताडा", १०४. म्हणजे सगळ्यात पॉवरफुल म्युझिक आईचं निघालं.

तिहाई
त्यात सम पण होती. भैताडावर.

चष्मिष
हाहा. मैनाताईंचा दुसरा प्रश्न राहिलाच की, अहोंना का होत नाही. बार्सिलोनात २०१४ मधे काही संशोधकांनी असे लोक अभ्यासले ज्यांना संगीतातून आनंदच मिळत नाही. ऐकू नीट येतं, गाण्याचा भाव उदास आहे की आनंदी ते पण ओळखतात, पण तळहाताचा घाम नाही बदलत, पल्स नाही बदलत. त्याच लोकांना पैसे जिंकायचा खेळ दिला तर शरीर बरोबर प्रतिसाद देतं. म्हणजे यंत्रणा बिघडलेली नाही, फक्त गाण्याचा रस्ता तिथपर्यंत जात नाही. शंभरात तीन ते पाच लोक असे असावेत असा अंदाज आहे. त्यांना औषध नको आणि टोमणे पण नकोत.

धरमपेठी_मैना
अय्या, पैसे जिंकायचा खेळ! आमच्याकडे मॅच चालू असली की शेवटच्या ओव्हरला यांच्या तळहातांना घाम सुटतो, रिमोट निसटतो हातातून. मी काल पोट्ट्याचा प्रयोग यांच्यावर केला. मारव्याला पल्स ७१, यमनला ७१, ठुमरीला ७०. आणि चहा घेतात का विचारल्यावर ७६.

डॉ_गोगलगाय
एवढ्यावर शिक्का मारू नका ताई. मारवा आपण ऐकत मोठे झालो असू तरच "आता सा येणार" ही वाट बघता येते. ज्याला सा कुठे आहे तेच माहीत नाही त्याला तो उशिरा आल्याचं काय कौतुक. ते सोळा-सतरा वर्षांचे असताना काय ऐकत होते ते लावून बघा. आणि हो, नवीन गोष्टींची, कल्पनांची ओढ जास्त असलेल्या लोकांना शहारे जास्त येतात असं व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांमधे दिसलंय, पण हे घरात बोलून दाखवू नका.

धरमपेठी_मैना
सोळाव्या वर्षी हे आर्वीला होते, शाळेच्या बँडमधे साइड ड्रम वाजवायचे, २६ जानेवारीच्या परेडला. विचारून बघितलं तर स्वतःच सांगायला लागले, मैदानावर थंडीत उभं राहायचं, बोटं आखडलेली, आणि मास्तरांनी काठी उचलली की पहिला रोल. मी मोबाइलवर परेडच्या ड्रमचा रोल शोधून लावला. पल्स ८३! आणि बोटं सोफ्याच्या हातावर सुरू, डावी-उजवी-डावी-उजवी, मला वाटतं त्यांना कळलं पण नाही. काटा होता की नाही माहीत नाही, फुल शर्ट होता. एवढ्या वर्षांत साइड ड्रमचं मला पहिल्यांदा कळलं.

प्रज्ञा_इंदोरा
मी म्हटलं नव्हतं?

तिहाई
पुढच्या रविवारी क्लासला पाठवा त्यांना. हात तयार आहे, फक्त बसून वाजवायचं.

पथकातली_ताई
पाठवायचेच असतील तर आमच्या पथकात पाठवा, आम्हाला ताशेवाले हवेत.
डॉक्टर, जाता जाता एक विचारायचं होतं. सरावाहून आलं की रात्री कानात शिट्टी वाजत राहते. कापूस घालून चालेल का?

डॉ_गोगलगाय
कापसानं जवळजवळ काही होत नाही. शिट्टी म्हणजे कानानं तक्रार केलेली आहे, ती सकाळपर्यंत गेली तरी हलक्यात घेऊ नका. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुमच्या पथकाच्या मधोमध त्याच्यापेक्षा जास्तच असेल. फोमचे प्लग मेडिकल स्टोअरमधे मिळतात. बोटांनी लाटून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी खोचला तर उपयोग नाही.

पथकातली_ताई
पण मग ताशा ऐकू येईल का? चाल बदलायचा इशारा आमचा लीडर ताशावरच देतो.

डॉ_गोगलगाय
चांगला प्रश्न. फोम उंच आवाज जास्त कापतो आणि खालचे कमी, त्यामुळे ढोल घुमत राहील आणि ताशाची काडी दबेल. वादकांसाठी वेगळे प्लग येतात, ते उंच-खालचे सगळे आवाज साधारण सारखेच कमी करतात. थोडे महाग आहेत. निदान पुढच्या रांगेतल्यांना घ्या, आणि ताशेवाल्यांना आधी.

महालचा_पोट्टा
मैनाताईंच्या अहोंचा सेट मी स्पॉन्सर करतो. फक्त मारव्याच्या वेळी घालायचे नाही असं लिहून घ्या.